गरोदरपणी व्यसनमुक्ती: सरकारी रुग्णालय बरं की खासगी केंद्र?

ब्राउन शुगर किंवा दारू सुटत नाही, त्यात दिवस गेलेत, आणि घरात खल चाललाय तो 'हिला कुठे ठेवायचं' याचा. चार लोकांना कळू नये म्हणून बहुतेक घरं खासगी केंद्र शोधतात. कायद्याचं संरक्षण कुठे किती, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही.

पहिली भीती पोलिसांची. गरोदरपणी नशा केली म्हणून वेगळा गुन्हा आपल्याकडे नाही. (अमेरिकेत टेनेसी राज्याने २०१४ मध्ये तसा कायदा केला होता, २०१६ मध्ये त्याची मुदत संपली.) दारूला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा लागू नाही, पण ब्राउन शुगर किंवा गांजाचं सेवन त्याखाली गुन्हा आहे. तिथे कलम ६४-अ कामी येतं: सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती आपणहून उपचार घेत असेल तर खटला चालत नाही. अल्प मात्रा म्हणजे हेरॉइन (ब्राउन शुगर हे त्याचंच रूप) ५ ग्रॅमपर्यंत, गांजा १ किलोपर्यंत. अट एवढीच की उपचार सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणीच हवेत, आणि ते पूर्ण करायला हवेत. मान्यता नसलेल्या केंद्रात लाखभर भरले तरी या कलमाचा उपयोग नाही.

दुसरा मुद्दा सहीचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही येतात. बाई स्वतःच्या सहीने दाखल झाली तर मागेल तेव्हा घरी जाऊ शकते. तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येतं. नुसत्या नवऱ्याच्या सहीवर 'टाकून येणं' या कायद्यात बसत नाही. उपचारांबाबत आपल्या बाजूने बोलणारा प्रतिनिधी तिला साध्या कागदावर लिहून नेमता येतो. बहीण, आई, मैत्रीण, कोणीही चालेल. नोंदणी नसलेल्या, दाराला कुलूप लावणाऱ्या केंद्रात हे हक्क कोणाकडे मागणार?

बाळाचंही तसंच. याच कायद्यानुसार तीन वर्षांखालील मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून एरवी वेगळं करता येत नाही. मुलाला धोका असेल म्हणून केलंच, तर दर १५ दिवसांनी फेरविचार, आणि ३० दिवसांपुढे मानसिक आरोग्य प्राधिकरणाची मंजुरी.

वैद्यकीय बाजूनेही पारडं सरकारी मेडिकल कॉलेजकडेच झुकतं. गरोदरपणी अफूजन्य नशा (ब्राउन शुगरसारखी) एकदम तोडणं धोक्याचं. म्हणून डॉक्टर नशेऐवजी घ्यायचं ब्युप्रेनॉर्फीनसारखं औषध देतात, आणि प्रसूती विभाग त्याच आवारात असतो. रांगा, गर्दी, एखाद्या सिस्टरचं तिरकस बोलणं सोसावं लागेल, हे खरं.

खासगी केंद्रांची बाजू बाळंतपणानंतर वरचढ ठरते. समुपदेशन, गटातली चर्चा, स्त्रियांसाठी वेगळा विभाग (पुण्याच्या मुक्तांगणचा 'निशिगंध' त्यासाठीच आहे) हे वॉर्डात क्वचित मिळतं. म्हणून बाळंतपणापर्यंत सरकारी आणि पुढे मान्यताप्राप्त खासगी, असा क्रम मी सुचवेन. जवळच्या केंद्राची चौकशी १४४४६ या मोफत हेल्पलाइनवर करता येते. खासगी ठिकाणी मात्र मान्यतेचा आणि नोंदणीचा कागद आधी बघायला मागा.