वडिलांचे एचएमटी ‘जनता’: रोजच्या वापरातून एक परीक्षण

एचएमटीचे ‘जनता’ हे घड्याळ आज बहुतेकांच्या हाती येते ते दुकानातून नव्हे, तर कपाटाच्या खणातून, जुन्या ट्रंकेतून किंवा आईने रुमालात बांधून ठेवलेल्या पुडीतून. त्यामुळे त्याचे परीक्षण लिहिताना नव्या वस्तूचे निकष लावून भागत नाही. हाती आलेला नग मुळात जसा होता तसाच आहे का, तो रोज घालण्याजोगा आहे का आणि त्याच्यावर किती खर्च करावा, हे तीन प्रश्न वारसदाराला पडतात. वडिलांच्या पश्चात माझ्याकडे आलेले ‘जनता’ मी दुरुस्त करून नियमित वापरत आहे, आणि माझे मत आधीच सांगतो: साध्या वापरासाठी हे घड्याळ उत्तम आहे, मात्र त्याला ‘नव्यासारखे’ करून घेण्याच्या मोहात पडणाऱ्याच्या हाती ते फार काळ मूळ रूपात राहत नाही.

हिंदुस्थान मशीन टूल्स (एचएमटी) या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूर येथे घड्याळांचा कारखाना सुरू केला, आणि तिथल्या पहिल्या घड्याळांचे अनावरण पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. ‘जनता’ हे त्या सुरुवातीच्या काळापासूनचे, नावाप्रमाणेच सर्वसामान्यांसाठी काढलेले मॉडेल. पुढे ‘पायलट’, ‘कोहिनूर’, ‘सोना’, स्वयंचलित ‘कांचन’ अशी कितीतरी नावे आली, तरी नोकरीला लागल्यावर घेतलेले, लग्नात जावयाला दिलेले किंवा निवृत्तीच्या समारंभात संस्थेने बहाल केलेले घड्याळ म्हटले की पुष्कळ घरांत ते ‘जनता’च निघते. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. आज दुरुस्तीत जी अडचण येते तिचे मूळ या निर्णयात आहे, आणि तिच्याकडे मी पुढे येईन.

प्रथम ओळख पटवण्याविषयी. ‘जनता’चा व्यास सुमारे ३५ मिलिमीटर असतो. त्याला तीन काटे असतात, सेकंदकाटा मध्यभागी असतो आणि तारीख नसते. तबकडीवर कंपनीचे चिन्ह, त्याखाली मॉडेलचे नाव (अनेक नगांवर ते देवनागरीत आहे) आणि पॅराशॉक व १७ ज्वेल्स असे बारीक उल्लेख आढळतात. पॅराशॉक ही सिटिझनकडून आलेली, बॅलन्स व्हीलच्या, म्हणजे मागेपुढे झोके घेत वेळ राखणाऱ्या चाकाच्या, आसाला धक्क्यापासून वाचवणारी योजना आहे. ज्वेल्स म्हणजे कृत्रिम माणके असून घर्षण कमी व्हावे म्हणून चाकांच्या आसांची टोके जिथे फिरतात तिथे ती बसवलेली असतात. ती विकून पैसे येतील हा जुना समज सोडून द्यावा. यापलीकडची माहिती झाकणाच्या आत असते, आणि तिथे घाई केली की नुकसान होते. दाबून बसवलेले झाकण स्वयंपाकघरातल्या सुरीने उचकटणाऱ्यांनी असंख्य घड्याळांच्या कडा कायमच्या चिरल्या आहेत. शिवाय झाकण आट्यांचे असेल तर सुरीचा उपयोग शून्य. घड्याळजीकडे जाऊन त्याच्यासमोर बसून ते उघडून घ्यावे आणि भिंगातून स्वतः पाहावे.

माझ्या घड्याळाचे झाकण उघडले तेव्हा आतल्या पुलावर, म्हणजे चाकांना जागी धरणाऱ्या धातूच्या पट्टीवर, कंपनीचे चिन्ह आणि ज्वेल्सचा आकडा स्वच्छ कोरलेला दिसला, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पूर्वीच्या कोणा कारागिराने टोकदार सुईने ओरखडून ठेवलेल्या बारीक खुणा दिसल्या. सर्व्हिसिंगची नोंद ठेवण्याची ही पद्धत जगभर चालत आली आहे, आणि घड्याळ वेळच्या वेळी साफ होत होते की नाही, हे त्यावरून बरेचसे कळते. बाहेरून पाहताना पट्टा काढावा. केसच्या, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाच्या, चार टोकांच्या बेचक्यांत घामाने आणि मळाने जमलेला हिरवट थर असतो. तो मऊ लाकडी काडीने हलकेच निघतो आणि खाली मुलाम्याची खरी अवस्था दिसते. निवृत्तीचे घड्याळ असेल तर झाकणावर संस्थेचे नाव आणि तारीख कोरलेली असण्याची शक्यता असते. ती कधीही घासून काढू देऊ नये, कारण घराच्या इतिहासाच्या दृष्टीने घड्याळावरचा तो सर्वांत मोलाचा मजकूर आहे.

आता सर्वांत मोठा धोका. एचएमटीच्या घड्याळांना परदेशी संग्राहकांची मागणी येऊ लागल्यापासून जुन्या तबकड्या रंगवून, त्यांवर नव्याने छपाई करून ती ऑनलाइन विकण्याचा मोठा धंदा उभा राहिला. ‘पायलट’ त्याला सर्वाधिक बळी पडले असले, तरी ‘जनता’ही सुटलेले नाही. भिंगाखाली अक्षरांच्या कडा फुगलेल्या दिसणे, मिनिटांच्या रेघा तासांच्या उठावाच्या खुणांशी न जुळणे, त्या खुणांच्या कडेला रंग चढलेला असणे आणि तबकडी झळझळीत कोरी असताना काटे मात्र गंजलेले असणे, अशा लक्षणांवरून रंगकाम ओळखता येते. घरात राहिलेले घड्याळ या बाबतीत सहसा निर्धोक असते, आणि बाजारातून घेतलेल्या नगापेक्षा वारशातला नग सरस ठरण्याचे कारणही हेच. धोका आहे तो दुरुस्तीला दिल्यावर. कडेने पिवळसर पडलेली तबकडी पाहून ‘नवी टाकून देतो’ असे सद्भावनेने म्हणणारे कारागीर आहेत. मी पावतीवरच लिहून घेतले होते की तबकडी, काटे आणि केस यांना हात लावायचा नाही, पॉलिश करायचे नाही आणि बदललेला प्रत्येक भाग परत द्यायचा. तो आग्रह कोणाला तऱ्हेवाईक वाटला तरी हरकत नाही.

चालण्याच्या बाबतीत ‘जनता’ने माझी निराशा केलेली नाही. हे मशीन तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाला ५. त्यामुळे सेकंदकाटा थोडा अडखळत सरकतो आणि शांत खोलीत टिकटिक स्पष्ट ऐकू येते. सर्व्हिसिंगनंतर दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आसपास फरक पडला तर या वयाच्या घड्याळाकडून तक्रारीला जागा नाही. ज्यांना सेकंदाचा हिशेब हवा आहे त्यांनी क्वार्ट्झ वापरावे. सर्व्हिसिंग म्हणजे मात्र नुसते तेल सोडणे नव्हे. जुने तेल घट्ट होऊन त्यात धूळ मिसळते, आणि त्यावर नवे तेल टाकले तर घासणारा चिखल वाढतो. पूर्ण मशीन सुटे करून, धुऊन, ठरावीक जागी ठरावीक तेल देऊन पुन्हा जोडणे अपेक्षित असते. टाइमग्राफर, म्हणजे टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणारे यंत्र, असलेला घड्याळजी मिळाल्यास कामाच्या आधीचे आणि नंतरचे आकडे मागावेत. पूर्ण चावी दिल्यावर आणि तबकडी वर ठेवून मोजल्यावर बॅलन्सचा झोका २७० अंशांच्या आसपास असेल तर मशीन निरोगी आहे, आणि तो २०० अंशांखाली असेल तर काम अपुरे झाले आहे किंवा मुख्य स्प्रिंग थकलेली आहे. घड्याळ एकाएकी दिवसाला कित्येक मिनिटे पुढे पळू लागले, तर पुष्कळदा दोष चुंबकत्वाचा असतो. केसाइतक्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, आणि स्पीकरजवळ किंवा पर्सच्या चुंबकी बटणापाशी घड्याळ ठेवण्याने हे होऊ शकते. चुंबकत्व काढण्याला मिनिटभरही लागत नाही. त्यासाठी पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे मोजू नयेत.

चावी रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी, घड्याळ मनगटावरून उतरवून द्यावी. हातात असताना दिली तर चावीच्या दांड्यावर तिरका ताण पडतो. अडथळा जाणवला की थांबावे. पूर्ण चावी दिल्याने घड्याळ बिघडते ही भीती निराधार आहे, बिघडते ते त्या अडथळ्यापुढे जोर लावल्याने. ‘जनता’ची चावी देण्याची गुंडी मात्र लहान आणि पातळ आहे, जाड बोटांना ती नीट पकडता येत नाही, आणि ही माझी रचनेबद्दलची खरी तक्रार आहे. दुसरी तक्रार मुलाम्याची. पितळेवर क्रोम चढवलेल्या केसांवर घामाचे डाग पडतात आणि कोपऱ्यांतून पितळ डोकावू लागते. अशा केसला पॉलिशचे चाक लावणे म्हणजे उरलेला मुलामाही घालवणे. काच ॲक्रिलिकची असल्याने तिच्यावर ओरखडे लवकर येतात, पण प्लॅस्टिकसाठीच्या पॉलिशने आणि मऊ कापडाने ते घरच्या घरी बरेच कमी करता येतात, हे तिचे भाग्य.

पाण्याच्या बाबतीत काहीही गृहीत धरू नये. झाकणावर काहीही लिहिलेले असले तरी रबरी कडे केव्हाच कडक झालेले असते. पावसाळ्यात मी हे घड्याळ बाहेर नेत नाही. सिलिका जेलच्या पुडीसह ते बंद डब्यात राहते. काचेच्या आत वाफ दिसली तर उन्हात वाळवण्याचा उद्योग न करता त्याच दिवशी झाकण उघडून घ्यावे, कारण पोलादी दांड्याला गंज चढायला फार वेळ लागत नाही.

राहिला सुट्या भागांचा प्रश्न. कारखाने बंद झाल्यामुळे नवे अस्सल भाग दुर्मीळ झाले आहेत, आणि घड्याळजी ते दुसऱ्या मोडक्या घड्याळांतून काढून वापरतात. यात वावगे काही नाही, मात्र भाग त्याच मशीनचा असावा आणि दिलेल्या भागाचे नाव पावतीवर यावे. मूळ मॉडेले कशी दिसत हे पाहण्यासाठी बंगळूरच्या जालहळ्ळी भागातले एचएमटीचे संग्रहालय उपयोगी आहे. तबकडीबद्दल शंका असलेल्याने तिथे जाताना आपल्या घड्याळाचे जवळून काढलेले छायाचित्र बरोबर न्यावे.