दुनळी बंदुकीसाठी सॉल्व्हंट आणि पॅच: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) राखणीसाठी घरात परवान्याची बारा बोरची दुनळी बंदूक आहे. पूर्वी ती रॉकेलने पुसली जायची. गेल्या उन्हाळ्यापासून मी बंदुकीसाठीच बनवलेले सॉल्व्हंट (घाण विरघळवणारे द्रव), फॉस्फर ब्राँझ या तांब्याच्या मिश्रधातूचा ब्रश, तो नळीत फिरवायचा गज आणि सुती पॅच, म्हणजे पुसायचे कापडी तुकडे, वापरतो आहे.

साफसफाईला हात घालण्यापूर्वी मी काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवतो, बंदूक बिजागरीवर उघडून दोन्ही चेंबर (काडतूस बसते त्या जागा) डोळ्यांनी पाहतो, बोट घालून चाचपतो आणि मगच नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करतो. सॉल्व्हंटची वाफ डोक्यात चढते आणि ते पेटही घेते, म्हणून हे काम उघड्या पडवीतच करावे. चूल, देवासमोरची समई आणि विडी यांपासून दूर. नळीतल्या काजळीत शिशाचा अंश असतो. त्यामुळे हातमोजे घालावेत, जवळ खाण्यापिण्याचे काही ठेवू नये आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

ओला पॅच चेंबरकडून तोंडाकडे एकाच दिशेने काढला की पहिल्यांदा तो काळाकुट्ट निघतो. त्यानंतर लगेच घासायला लागू नये. दहा-पंधरा मिनिटे थांबल्यावर चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात चिकटलेले शिसे आणि काडतुसातल्या प्लॅस्टिकचा थर सुटू लागतो आणि ब्रशची निम्मी मेहनत वाचते. ब्रश मात्र नळीतून पूर्ण बाहेर काढूनच परत ओढावा. माझ्या सॉल्व्हंटमध्ये अमोनिया आहे, त्यामुळे ब्रशनंतरच्या पॅचवर निळसर-हिरवी छटा दिसते. ती नळीतली घाण नव्हे. आपल्या छर्‍यांच्या काडतुसात तांब्याच्या वेष्टणाची गोळी नसते. तो रंग ब्रशमधल्या तांब्याचा असतो. हे ध्यानात न घेतल्यास स्वच्छ नळी उगाच घासली जाते.

संचातल्या पॅचबद्दल माझी तक्रार आहे. ते रायफलच्या मापाचे होते आणि साडेअठरा मिलिमीटरच्या नळीत सैल फिरत. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती धोतराचे मोठे तुकडे कापले, तेव्हा कुठे ते नळीला नीट घासून जाऊ लागले. वापरलेल्या चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात, चुलीत घालू नयेत.

सॉल्व्हंट घाण काढते, गंजापासून वाचवत नाही; उलट ते जुने तेलही धुऊन नेते. म्हणून कोरडे पॅच पांढरे निघाले की तेलाचा एक पातळ हात द्यावाच लागतो. आषाढ-श्रावणात, भिंतींना ओल येते तेव्हा, मी बंदूक न वापरताही दर आठवड्याला तेलाचा पॅच फिरवला आणि नळ्यांवर तांबूस ठिपका आला नाही. चामड्याचे कव्हर ओल धरते, म्हणून बंदूक त्यात न ठेवता कुलूपबंद कपाटात ठेवली. निवडणुकीच्या वेळी पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आल्यावरही आधी हाच सगळा क्रम करावा.

सॉल्व्हंट मी पुन्हा घेईन, पॅच घरचेच कापीन. लाकडी दस्त्याच्या पॉलिशवर मात्र त्याचा थेंबही पडू देऊ नका, कारण ते पॉलिश विरघळवते.