लायसन्स तपासणी म्हणून फोन आला आणि दोन लाख गेले

भोसरीत आमचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे, ऑफिसात ११ कॉम्प्युटर. फेब्रुवारीत मेल आला : 'सॉफ्टवेअर लायसन्स तपासणी, अंतिम सूचना'. खाली सही 'कम्प्लायन्स मॅनेजर'. दुसऱ्याच दिवशी फोन. "सर, तुमच्या कंपनीचं नाव यादीत आलंय. माहिती वेळेत दिलीत तर फाइल इथंच बंद करून देतो." मग कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब वाचून दाखवलं : ७ दिवस ते ३ वर्षं कैद, ५० हजार ते २ लाख दंड. कलम खरंच आहे. पण ते जाणूनबुजून चोरीची प्रत वापरणाऱ्याला लागतं, हे त्यानं गाळलं. आमच्या एका मशीनवर जुन्या ऑपरेटरनं टाकलेली तशी प्रत होती, म्हणून माझी झोपच उडाली.

त्यानं पाठवलेली एक्सेल शीट आम्हीच भरून दिली. कुठल्या मशीनवर काय आहे, बिल आहे की नाही, सगळं. माझी मोठी चूक ही. पाच दिवसांत उत्तर आलं : ९ लायसन्स कमी. त्यातल्या सात मशीनवर विंडोज मशीनसोबत कंपनीतूनच आलेलं, बिलंही होती. "ती ऑडिटला चालत नाहीत," म्हणाला. ३१ मार्चच्या आत ऑर्डर दिली तर प्रकरण पुढे जाणार नाही. मी पैसे भरले.

एप्रिलमध्ये आमचे कॉम्प्युटर बघणाऱ्या मुलानं कागद पाहिले आणि कोटेशनवर बोट ठेवलं. तपासणी करणारा आणि माल विकणारा, नाव एकच! मेलचा पत्ताही सॉफ्टवेअर कंपनीचा नव्हता, विक्रेत्याचा होता. मशीनसोबत आलेलं विंडोज ते मशीन आहे तोवर वैध असतं. म्हणजे सात लायसन्स विनाकारण विकत घेतली. जाब विचारला तर म्हणे, "सर, ती ऐच्छिक पाहणी होती." लायसन्स सुरू झालेली, त्यामुळे परतावा नाही.

खऱ्या ऑडिटची लेखी नोटीस येते, करारातल्या कलमाचा उल्लेख असतो. धाड पडलीच तर कोर्टानं नेमलेला कमिशनर आदेश घेऊन येतो, नाहीतर पोलीस. विक्रेत्याला यातला कुठलाच अधिकार नाही. असा फोन आला तर शीट भरू नका. कुणाच्या वतीनं, कुठल्या कलमाखाली, हे लेखी मागा. चोरीची प्रत असेल तर ती आजच काढा किंवा रीतसर विकत घ्या, पण दुकान तुम्ही निवडा.

गेल्या आठवड्यात शेजारच्या गाळ्यात हाच फोन आला. मी शेजारी बसून लेखी पत्र मागायला लावलं. पत्र अजून आलेलं नाही.