दुबई की म्युनिक? दोन्ही प्रस्ताव हातात असलेल्या मुंबईकर कुटुंबासाठी

मुंबईतल्या मध्यमवर्गीय मराठी घरात परदेशी नोकरीचा प्रस्ताव आला की चर्चा पगाराच्या आकड्यापासून सुरू होते आणि पुष्कळदा तिथेच संपते. अशा चर्चांमध्ये दुबई आणि म्युनिक ही दोन नावे हल्ली वारंवार समोरासमोर येतात. दुबई तीन तासांच्या विमानप्रवासावर आहे, तिथे पगारावर आयकर नाही आणि बाजारहाट हिंदीत निभावतो. म्युनिकला जायला थेट विमानानेही साधारण नऊ तास लागतात, करकपातीने पगार चांगलाच आक्रसतो आणि जर्मन येत नसेल तर कामाच्या ठिकाणाबाहेरचे जग बरेचसे बंदच राहते. पगाराचा हिशेब कोणीही कागदावर मांडू शकेल. तिथे गेल्यावर सोमवार ते रविवार घर कसे चालते, मुलांचे काय होते आणि ज्या जोडीदाराच्या नावावर नोकरी नाही त्याचे किंवा तिचे काय होते, हे प्रश्न मात्र सामान बांधून झाल्यावरच आठवतात. माझे मत थोडक्यात असे, की मुंबईतले घर दुबईत जवळजवळ आहे तसे नेता येते, पण ते बहुधा कायमचे तिथले होत नाही. म्युनिकमध्ये घराची घडीच बदलावी लागते, पण ती बदलायची तयारी असेल तर तिथे स्थायिक होता येते.

तरीही पैशांबद्दल थोडे लिहायलाच हवे, कारण करमुक्त पगार हा शब्द फसवा आहे. संयुक्त अरब अमिरातीत पगारावर कर नाही आणि २०१८ पासून लागू झालेला मूल्यवर्धित कर फक्त ५ टक्के आहे, हे खरे. परंतु मुलांची शाळा, कुटुंबाचा व्हिसा आणि आरोग्यविमा यांचा खर्च कंपनीने उचलला नाही तर तो तुमच्या खिशातून जातो. घरभाड्यासाठी वर्षभराचे पुढच्या तारखांचे धनादेश आधीच द्यावे लागतात आणि धनादेशांची संख्या जितकी कमी, तितका घरमालक भाड्यात नरमतो. त्यामुळे पहिल्याच महिन्यात मोठी रक्कम हाताशी लागते. शिवाय वार्षिक भाड्याच्या ५ टक्के इतके पालिकेचे शुल्क वीज-पाण्याच्या बिलातून दरमहा वसूल होते. जर्मनीत आयकराचे वरचे टप्पे ४२ आणि ४५ टक्क्यांचे आहेत. आरोग्य, निवृत्तिवेतन, बेकारी आणि शुश्रूषा यांच्या विम्याचे हप्ते त्याव्यतिरिक्त कापले जातात. त्या बदल्यात सरकारी शाळा विनाशुल्क असते, प्रत्येक मुलामागे बालभत्ता मिळतो (२०२५ मध्ये तो दरमहा २५५ युरो होता) आणि तुम्ही सार्वजनिक आरोग्यविम्यात असाल तर न कमावणारा जोडीदार व मुले वेगळ्या हप्त्याशिवाय त्याच विम्यात येतात. दोन मुले असलेल्या घराने हे सगळे मांडून पाहिले की दोन शहरांमधले अंतर बरेच कमी होते. दुबईत बचत अधिक होते हे मी नाकारत नाही, पण कंपनी शाळेची फी देणार नसेल तर ती वाटते तितकी अधिक होत नाही.

घर मिळवण्याचा अनुभव मात्र अगदी वेगळा आहे. दुबईत दलालामार्फत घरे बघून, करार सरकारी नोंदणीत चढवून थोड्या दिवसांत राहायला जाता येते. म्युनिकमध्ये भाडी जर्मनीतल्या सर्वांत चढ्या भाड्यांपैकी आहेत, एकेका घरासाठी अर्जांचा ढीग पडतो आणि अनामत म्हणून घर उबदार ठेवण्याचा व इतर खर्च वगळून तीन महिन्यांपर्यंतचे भाडे घेतात. पुष्कळ घरे स्वयंपाकघराशिवाय भाड्याने दिली जातात. ओटा, सिंक, कपाटे यांपैकी काहीच नसते, कारण आधीचा भाडेकरू ते स्वतःबरोबर घेऊन गेलेला असतो. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि पुढची बहुतेक सरकारी कामे त्या नोंदणीवरच अडून राहतात.

निर्णयाचा खरा कस शाळेपाशी लागतो. दुबईत सीबीएसई आणि आयसीएसई या दोन्ही अभ्यासक्रमांच्या शाळा आहेत, भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, आणि पार्ल्याच्या किंवा ठाण्याच्या शाळेतून सातवीत असलेले मूल तिथे त्याच पुस्तकांनिशी आठवीत बसू शकते. खासगी शाळांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचे तपासणी अहवाल जालावर वाचायला मिळतात. शाळेच्या माहितीपत्रकापेक्षा ते वाचावेत. अरबी हा विषय तिथे असतो, पण त्यावर मुलाचे भवितव्य ठरत नाही. परत यायची वेळ आली तरी दहावी-बारावीचा धागा तुटत नाही.

म्युनिक बव्हेरिया राज्यात आहे आणि तिथली पद्धत कठोर आहे. प्राथमिक शाळा फक्त चार इयत्तांची असते. चौथीत जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांत मिळालेल्या श्रेणींच्या सरासरीवर मुलाने पुढे कोणत्या प्रकारच्या शाळेत जायचे ते ठरते. विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियमसाठी ही सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली लागते, आणि तिथे १ ही सर्वोत्तम श्रेणी असते. तिसरीत असताना जर्मनचा गंध नसलेले मूल तिथे पोहोचले तर ही सरासरी गाठायला त्याच्याकडे दीड-दोन वर्षेच उरतात. नंतर मार्ग बदलता येतो, तरी दहा वर्षांच्या मुलावर असे ओझे टाकायचे का, हा प्रश्न मुंबईतच स्वतःला विचारावा. याउलट चार-पाच वर्षांचे मूल बालवाडीत खेळता खेळता ती भाषा उचलते आणि वर्षभरात आई-वडिलांचे उच्चार सुधारू लागते. मोठ्या मुलासाठी इंग्रजी माध्यमाच्या आंतरराष्ट्रीय शाळा आहेत, पण त्यांची फी भरायची असेल तर विनाशुल्क शाळेचा वर सांगितलेला हिशेब कोलमडतो. घरीच शिकवू म्हणावे तर जर्मनीत त्याला परवानगी नाही.

शाळेबाहेरचे बालपणही दोन्हीकडे निराळे असते. दुबईत शाळेची बस इमारतीच्या दारातून मूल उचलते आणि दारात सोडते. जून ते सप्टेंबर या काळात पारा चाळिशीच्या वर असल्यामुळे खेळ मॉलमध्ये किंवा बंदिस्त जागेत होतो. म्युनिकमध्ये पहिली-दुसरीतली मुले शाळेत एकटी चालत जातात, आणि चौथीत पोलिसांच्या देखरेखीखाली सायकल चालवण्याची परीक्षा असते. मुलाला रिक्षाकाकांच्या हवाली करून निर्धास्त होणाऱ्या आपल्या पालकांना हे सुरुवातीला निष्काळजीपणाचे वाटते. वाढदिवसाच्या निमंत्रणात पार्टी किती वाजता संपते हेही लिहिलेले असते आणि त्या वेळेला मुलाला न्यायला दारात हजर राहणे अपेक्षित असते. 'जेवूनच जा' असे तिथे कोणी म्हणत नाही. त्यात अपमान मानण्याचे कारण नाही, इतके कळायला मात्र एखादा हिवाळा जातो.

आता घरकाम. हा भाग चर्चेत नेहमी गाळला जातो, आणि तो गाळणारे बहुधा पुरुष असतात. दुबईत तासावर कामाला येणारी माणसे सहज मिळतात, परवडत असेल तर घरी राहणारी मदतनीसही रीतसर व्हिसावर ठेवता येते, आणि किराणा रात्री उशिरापर्यंत घरपोच येतो. म्युनिकमध्ये धुणीभांडी, फरशी, खिडक्यांच्या काचा आणि इमारतीच्या नियमानुसार कधीकधी जिन्याची सफाईसुद्धा घरातल्या माणसांनीच करायची असते. बव्हेरियात दुकाने संध्याकाळी आठला बंद होतात आणि रविवारी जवळजवळ सगळा बाजार बंद असतो, त्यामुळे शनिवारी कोथिंबीर आणायची राहिली तर सोमवारपर्यंत ती मिळत नाही. कागद, ओला कचरा आणि उरलेला कचरा यांचे डबे वेगळे असतात. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या ठरावीक पेट्यांमध्ये स्वतः नेऊन टाकाव्या लागतात, आणि आवाज होतो म्हणून रविवारी तेही चालत नाही. बहुतेक मुलांची शाळा दुपारीच सुटते व दुपारच्या सांभाळाच्या जागा अपुऱ्या पडतात. पहिलीच्या मुलांसाठी पूर्णवेळ सांभाळाचा कायदेशीर हक्क ऑगस्ट २०२६ पासून टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. घरातल्या दोघांनी कामे खरोखर वाटून घेतली नाहीत तर हा सगळा भार एकाच माणसावर येतो, आणि ते माणूस कोण हे सांगायला नको.

त्यातच त्या माणसाच्या नोकरीचा प्रश्न येतो. जर्मनीत ब्लू कार्ड, म्हणजे कुशल परदेशी नोकरदारांना मिळणारा निवास व कामाचा परवाना, असलेल्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कोणतेही काम करण्याची मुभा असते. अडथळा भाषेचा आहे. संगणक क्षेत्रात इंग्रजीवर काम मिळू शकते, पण शिक्षिका, परिचारिका किंवा बँकेतली अधिकारी यांना चांगली जर्मन आल्याशिवाय स्वतःच्या दर्जाचे काम मिळणे अवघड असते. दुबईत पतीच्या किंवा पत्नीच्या व्हिसावर असतानाही नोकरी देणाऱ्याने परवाना घेतला की काम करता येते आणि इंग्रजी पुरते. म्हणून पहिल्या दोन वर्षांत जोडीदाराची नोकरी चालू राहणे ज्या घराला अत्यावश्यक आहे, त्याने दुबईचा विचार आधी करावा.

सणावाराबाबत दोन्हीकडे मराठी मंडळे आहेत, गणपतीही बसतो. रस्त्यावरची मिरवणूक आणि ढोल-ताशा मात्र सहजासहजी होत नाहीत. दुबईत करामा आणि मीना बाझार या भागांत पूजेच्या साहित्यापासून पोह्यांपर्यंत सगळे मिळते. अपवाद खसखशीचा. अमिरातीत तिच्यावर बंदी आहे, त्यामुळे आजीने प्रेमाने भरून दिलेले अनारसे सामानातून बाहेर काढावेत. म्युनिकच्या बेकरीत मात्र खसखस भुरभुरलेले पाव रोज सकाळी मांडलेले असतात. खोकल्याची कोडीनयुक्त औषधे आणि काही वेदनाशामके अमिरातीत पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाहीत, हे विशेषतः सोबत येणाऱ्या ज्येष्ठांनी लक्षात ठेवावे.

ज्येष्ठांचा मुद्दा मात्र एवढ्यावर भागत नाही. मुंबईत आईची तब्येत अचानक बिघडली तर दुबईहून त्याच दिवशी पोहोचता येते, आणि उत्पन्नाच्या अटी पूर्ण होत असतील तर आई-वडिलांना निवासी व्हिसावर तिथे आणताही येते. जर्मनीत पाहुणे म्हणून त्यांना १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. कुशल कर्मचाऱ्यांपैकी ज्यांना पहिला निवास परवाना १ मार्च २०२४ किंवा त्यानंतर मिळाला, त्यांना आई-वडिलांना कायमचे बोलावण्याची वाट कायद्याने उघडली आहे; पण त्यांच्या निर्वाहाची आणि आरोग्यविम्याची तजवीज दाखवावी लागते, आणि सत्तरीतल्या माणसाचा विमा काढणे हीच मोठी अडचण ठरते.

उलट दिशेने पाहिले तर दुबईतला मुक्काम नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी गेली की ठरावीक मुदतीत दुसरी शोधायची किंवा परतायचे. दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा पात्रता असलेल्यांनाच मिळतो आणि नागरिकत्वाचा सर्वसाधारण मार्ग नाही. जर्मनीत ब्लू कार्डधारकाला २७ महिन्यांनी, आणि बी-१ म्हणजे मध्यम पातळीची जर्मन येत असल्यास २१ महिन्यांनी, कायम निवासाचा परवाना मिळू शकतो. जून २०२४ पासून नागरिकत्वासाठी पाच वर्षांचे वास्तव्य पुरते, मात्र भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्यामुळे तेव्हा भारतीय पारपत्र सोडावे लागते.

मूल सहा-सात वर्षांखालचे असेल, किमान पाच वर्षे राहण्याचा इरादा असेल आणि मुंबईत आई-वडिलांजवळ एखादे भावंड असेल, तर कमी बचत पत्करूनही मी म्युनिकच सुचवेन. मूल सहावीच्या पुढे गेले असेल किंवा घरातला एकुलता एक आधार तुम्हीच असाल, तर दुबई. निवड म्युनिकची झाली तर काळा घोड्याजवळच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मनच्या वर्गाला आधी जोडीदाराचे नाव घालावे, नोकरदाराचे नंतर. दुबई ठरली तर पदवी आणि विवाहाच्या प्रमाणपत्रांचे साक्षांकन राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातीचा वाणिज्य दूतावास अशा क्रमाने करून घ्यावे लागते व त्यात आठवडे जातात, म्हणून ते आधी सुरू करावे. आणि शाळेची फी कंपनी देणार आहे की नाही हे नियुक्तिपत्रावर सही करण्यापूर्वी लेखी मागून घ्यावे.