टेम्पोतून आलेली केसरची कलमं: परसबागवाल्यांनी वाचाच

मृग लागला की आमच्या भागात रोपांचे टेम्पो फिरायला लागतात. भोंग्यावर ‘केसर, हापूस, बारमाही लिंबू, घरपोच कलमं’ असं ओरडत गल्लीगल्लीतून जातात. यंदाही फिरतायत. परवा शेजारच्या वहिनींनी दोन रोपं घेता घेता मला हाक मारली, म्हणून त्यांची खरेदी थांबली. सगळ्यांच्या दारात मी जाऊन उभी राहू शकत नाही, म्हणून अशाच एका टेम्पोवाल्याने नकली कलमं देऊन आम्हाला कसं फसवलं ते सविस्तर लिहिते.

आमचं घर सांगलीच्या बाहेर, गुंठेवारीतल्या प्लॉटवर. मागे बऱ्यापैकी परस आहे, जमीन काळी. वांगी, घेवडा, दोडका, अंबाडी, कढीपत्ता असं घरापुरतं वर्षभर निघतं. भाजीचं एक बरं असतं, बी खोटं निघालं तर महिन्या-दोन महिन्यांत कळतं आणि दुसरं पेरता येतं. फळझाडाचं तसं नाही, आणि हे लोक नेमके त्याच्यावरच जगतात.

अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, परसात केसर हवा होता. सत्तरी ओलांडल्यावर माणूस झाड लावतो तेव्हा तो हिशेब करूनच लावतो. कलमाला चौथ्या-पाचव्या वर्षी फळ धरतं, तेवढं आपण नक्की बघू, असं ते म्हणायचे.

टेम्पोवाला बोलायला अतिशय गोड. अण्णांना ‘बाबा’, मला ‘ताई’. हातात प्लास्टिकच्या पानांचा अल्बम, त्यात गुडघ्याएवढ्या झाडांना लगडलेले आंबे. खुंट (म्हणजे खालचं मुळांचं रोप) कोणता, डोळकाडी (त्यावर बांधायची काडी) कुठल्या मातृवृक्षाची, हे तो न अडखळता सांगत होता. कार्डावर ‘शासनमान्य नर्सरी’ छापलेलं. प्रत्येक रोपाला जमिनीपासून वीतभर उंचीवर प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली आणि पट्टीखाली तिरकी गाठ. ‘हा बघा जोड’ म्हणून त्याने स्वतःच बोट ठेवून दाखवलं. केसरची तीन कलमं, एक चिकू आणि फळांनी वाकलेलं एक लिंबू घेतलं. भाव बाजारापेक्षा दुपटीहून जास्त होता, पण ‘फळ नाही आलं तर पैसे परत’ हे वाक्य त्याने पावतीच्या मागे लिहून दिलं. पावतीवर मात्र नुसतं ‘रोपे’ आणि रक्कम. जात नाही, परवाना क्रमांक नाही.

लिंबाचं बिंग आठवडाभरात फुटलं. फळं सुरकुतली आणि एकेक करून पडली. खाली पडलेलं एक उचलून बघितलं तर देठाच्या जागी बारीक तार, दुसऱ्यात काटा खुपसलेला. बाजारातली लिंबं आणून झाडाला अडकवली होती. फोन केला तर म्हणाला, ‘ताई, जागा बदलल्याचा ताण बसतो, पुढच्या फेरीला बदलून देतो.’ त्यानंतर तो नंबर कधी लागलाच नाही.

चिकूचं कळायला जास्त वेळ लागला. झाड जिवंत होतं, पण वाढ फारच मंद आणि पानं निराळी: जाड, गडद, टोकाला आत खाच पडलेली. चिकूचं पान टोकाला निमुळतं असतं. चिकूचं कलम खिरणीच्या, म्हणजे रायणीच्या खुंटावर बांधतात. आमच्या रोपावरची चिकूची काडी विकण्याआधीच मेलेली होती आणि खालचा खुंट फुटला होता. त्याने आम्हाला चिकू म्हणून खिरणीचं झाड विकलं. रोपवाटिकेत अशी मर होतच असते, त्यात गैर काही नाही. पण मेलेली कलमं टाकून द्यायची असतात, म्हाताऱ्या माणसाला विकायची नसतात.

आंब्यांनी मात्र आशा लावून ठेवली. तिन्ही झाडं झरझर वाढली, सरळसोट वर गेली. येणारेजाणारे कौतुक करायचे. चौथं वर्ष गेलं, पाचवं गेलं, मोहोर नाही. अण्णा रोज सकाळी काठी टेकत शेंडे बघून यायचे. पुढे केव्हातरी दोन झाडांना मोहोर आला तेव्हा घरात पेढे वाटले. आणि त्या उन्हाळ्यात एका झाडाला बारके गोल आंबे आले, पिकूनही दात आंबवणारे, तर दुसऱ्याला लांबट, दोऱ्यासारख्या रेषांनी भरलेले. तिसरं तर मोहोरलंच नाही.

फसवणुकीचा पुरावा इथेच आहे. कलम म्हणजे एकाच झाडाची काडी दुसऱ्या खुंटावर चढवलेली, त्यामुळे तीन कलमं एकाच जातीची असतील तर फळ एकसारखंच यायला हवं. तीन झाडं तीन तऱ्हांची निघाली, म्हणजे ती कोयीपासून उगवलेली रोपं होती, साधी रायवळ. केसर, हापूस या जातींची कोय रुजवली तरी आईसारखं झाड येत नाही, कारण त्या कोयीत परागीकरणातून तयार झालेला एकच गर्भ असतो. एवढ्याचसाठी तर कलम बांधतात. शिवाय कोयीच्या झाडाला फळ धरायला सहा-आठ वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात.

मग पट्टीखालची ती गाठ कसली? आमच्या ओळखीचे एक गृहस्थ, आयुष्यभर कलमं बांधलेले, झाडं बघायला आले. त्यांनी सांगितलं की रोप कोवळं असताना सालीला तिरका छेद द्यायचा आणि वर पट्टी करकचून बांधायची. जखम भरताना तिथे फुगवटा येतो आणि नवख्या माणसाला तो जोड वाटतो. ऐकून मला रडूच आलं. चुकीचं रोप चुकून देणं वेगळं. इथे एकेका रोपावर बसून, मेहनत घेऊन खोटं तयार केलं होतं.

त्यांनी खरं कलम ओळखायला शिकवलं, ते जसंच्या तसं देते. कोय कलम (नुकत्याच रुजलेल्या कोयीच्या रोपावर बांधलेलं) असो की मृदकाष्ठ (जरा मोठ्या रोपाच्या कोवळ्या फुटीवर बांधलेलं), दोन्हींत खुंट वरून छाटतात, मध्ये चीर देतात आणि पाचरीसारखी तासलेली काडी त्यात बसवतात. म्हणून खऱ्या जोडावर समोरून आणि मागून इंग्रजी ‘व्ही’सारखी खूण दिसते, आणि जोडाच्या वरची साल खालच्या सालीपेक्षा रंगाने किंवा जाडीने थोडी वेगळी असते. नकली रोपात दांडा बुडापासून शेंड्यापर्यंत सलग एकच असतो, मध्ये नुसता फुगवटा. कोय कलमाचा जोड जमिनीलगत असतो, मृदकाष्ठचा जरा वर. विक्रेत्याला पट्टी सोडायला सांगा. जोड पक्का झालेल्या कलमाची पट्टी कधीतरी सोडावीच लागते, नाहीतर ती खोडात रुतते. ‘पट्टी सोडली तर झाड मरेल’ असं उत्तर आलं तर एकतर जोड कच्चा आहे किंवा नाहीच. दोन्ही परिस्थितीत रोप घेऊ नका.

नवी पालवी असेल तर तीही बघा. एकाच जातीच्या कलमांची कोवळी पालवी साधारण एकाच रंगाची असते. आमच्या तीन झाडांत एकाची लालसर, एकाची तपकिरी आणि एकाची जवळजवळ हिरवी फुटायची. शेवटी पिशवी हातात घेऊन रोप बुडाशी हलकेच हलवा. मुळांनी माती धरलेली असेल तर हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, एकसंध राहते. जमिनीतून कालच उपटून पिशवीत कोंबलेलं रोप मातीत सैल हलतं.

फळं लागलेलं छोटं लिंबू, डाळिंब किंवा पेरू कोणी दाखवला तर एका फळाचा देठ जवळून बघा आणि हळूच फिरवा. हाच प्रकार आता मोबाईलवर निळ्या स्ट्रॉबेरीच्या बियांच्या रूपात चालतो. निळी स्ट्रॉबेरी जगात कुठे पिकत नाही. फोटो रंगवलेला असतो आणि पाकिटातून कसलंही बी येतं.

जातीचंही सांगते, कारण गोड बोलण्याला तिथेच बळ मिळतं. ‘देवगड हापूस’ म्हणून देशावर कलम विकणारा पुष्कळदा लोकांच्या जिभेच्या आठवणीवर धंदा करत असतो. हापूस किनाऱ्याजवळ जसा होतो तसा इकडे होत नाही, आणि त्याला साक्याचाही, म्हणजे आतला गर पांढरट-स्पंजासारखा होण्याचा, त्रास असतो. देशावर केसर बरा. नीलम आणि हापूसच्या संकरातून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या रत्नाला साका धरत नाही. कलमं कृषी विद्यापीठांच्या रोपवाटिकांतून घ्या, म्हणजे दापोली, राहुरी, परभणी, अकोला, नाहीतर कृषी खात्याच्या फळरोपवाटिकेतून. तिथे कोणी बाबा-ताई करणार नाही, रांगेतही उभं राहावं लागेल, पण पावतीवर जात लिहून मिळते.

खाजगी रोपवाटिका वाईट असतात असं मुळीच नाही. फक्त परवाना विचारा. महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी 1969 चा कायदा आहे आणि त्याखाली परवाना लागतो. पावतीवर परवाना क्रमांक, जात आणि कलमाचा प्रकार लिहून घ्या. ‘शासनमान्य’ हा शब्द कार्डावर कोणीही छापून घेऊ शकतं.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीला साधारणपणे दोन वर्षांची मुदत आहे. आंबा फळायच्या आत ती उलटून जाते, आणि मग मुदत कधीपासून मोजायची यावरच वाद घालावा लागतो. म्हणून फळाची वाट बघू नका. पहिल्या पावसाळ्यात जाणकाराला जोड दाखवा. शंका आली तर लगेच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. आमच्या पावतीवरचं नाव आणि पत्ता दोन्ही खोटे निघाले, तक्रार तिथेच अडकली.

झाडं आम्ही तोडली नाहीत. त्या गृहस्थांच्या सांगण्यावरून ती वरून छाटली, छाटलेल्या ठिकाणी कोवळे फुटवे आल्यावर त्यांवर खऱ्या केसरच्या काड्या बांधून घेतल्या. बरेच जोड जगले. मुळं मोठ्या झाडाची असल्यामुळे फळ लवकर धरेल असं ते म्हणतात. अण्णा आता ऐंशीच्या घरात आहेत आणि खालून येणारे रायवळचे फुटवे स्वतःच्या हाताने खुडतात.

तुमच्या गल्लीत टेम्पो आला तर रोपं घ्या किंवा घेऊ नका, पण गाडीच्या नंबराचा आणि विकणाऱ्याच्या कार्डाचा फोटो जरूर काढून ठेवा. तक्रार घेऊन गेलो त्या कार्यालयात आम्हाला पहिला प्रश्न गाडीच्या नंबराचाच विचारला होता.