ई-बुकची क्लिक होणारी अनुक्रमणिका: आठ महिने वापरून झाल्यावर

पहिल्या ई-बुकची अनुक्रमणिका मी हाताने बनवली होती. ३१ लेख. प्रत्येक लेखाच्या शीर्षकावर बुकमार्क, म्हणजे त्या जागेची अदृश्य खूण, टाकायचा, मग वरच्या यादीत येऊन त्या नावाला लिंक जोडायची. अख्खा रविवार त्यात गेला आणि संध्याकाळी एकेक लिंक दाबून बघताना स्वतःचंच कौतुक वाटलं. पंधरा दिवसांनी दोन लेखांची अदलाबदल केली, एकाचं नाव बदललं. यादीत अर्थातच जुनं नाव आणि जुना क्रम. शिवाय एक शीर्षक पुसून नव्याने लिहिताना त्याचा बुकमार्कही पुसला गेला होता, तो मला दिसला नाही. दिसला तो पहिल्या वाचकाला, आणि त्याने कळवलंही.

तेव्हापासून हाताने लिंक जोडणं बंद. आठ महिन्यांत पुढची पुस्तकं शीर्षक-स्टाइलच्या पद्धतीने केली. मी वर्डमध्ये लिहितो. प्रकरणाचं नाव मोठं आणि ठळक करून सोडून द्यायचं नाही, त्याला ‘हेडिंग १’ ही स्टाइल लावायची; पोटशीर्षकाला ‘हेडिंग २’. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. पण ठळक अक्षरं संगणकाच्या लेखी नुसती ठळक अक्षरं असतात, आणि स्टाइल लावली की त्याला कळतं की इथे प्रकरण सुरू झालं. मग ‘रेफरन्सेस’मधून ‘कस्टम टेबल ऑफ कंटेंट्स’ उघडायचं, पृष्ठ क्रमांकांची खूण काढायची, हायपरलिंकची ठेवायची. नाव बदललं, क्रम बदलला, की यादीवर येऊन एफ ९ दाबायचं आणि ‘पूर्ण यादी अद्ययावत करा’ हा पर्याय निवडायचा. बस.

पृष्ठ क्रमांक काढायचे कारण ई-बुकात पान नावाची गोष्ट स्थिर नसते. वाचकाने अक्षर मोठं केलं की १२० पानांची २०० होतात. छापील आवृत्तीची फाइल तशीच चढवलेली ई-बुकं मी पाहिली आहेत. त्यांत नावापुढे ठिपक्यांची रांग आणि शेवटी एक आकडा असतो, ज्याचा कशाशीच संबंध नसतो.

आता ती गोष्ट, जी मला पहिले दोन महिने समजलीच नव्हती. ई-बुकात अनुक्रमणिका दोन असतात. एक पुस्तकाच्या आत, सुरुवातीच्या पानावर, जी आपण बनवतो आणि बघतो. दुसरी वाचन-ॲपच्या मेनूत, जी पुस्तकाच्या मध्यावर असतानाही एका स्पर्शात उघडते. वाचक जास्त वापरतो ती दुसरी, आणि मी तपासत होतो ती फक्त पहिली. ईपब, म्हणजे ई-बुकचा प्रचलित फाइल-प्रकार, ही प्रत्यक्षात एक झिप, अनेक फाइलींचं गाठोडं, असते. तिच्या प्रतीचं एक्स्टेन्शन (नावाचा शेवटचा तुकडा) बदलून ‘झिप’ केलं आणि उघडलं की आतला सगळा संसार दिसतो. ईपब २ मध्ये मेनूची यादी एनसीएक्स नावाच्या वेगळ्या फाइलमधून येते. २०११ साली आलेल्या ईपब ३ मध्ये तिची जागा ‘नॅव्ह’ नावाच्या साध्या एचटीएमएल पानाने घेतली. जुन्या यंत्रांसाठी दोन्ही ठेवलेल्या चालतात. किंडलसाठी थेट वर्ड फाइल चढवणार असाल तर आतल्या यादीच्या शीर्षकावर ‘टीओसी’ या तीन रोमन अक्षरांचा बुकमार्क टाकावा, म्हणजे मेनूतून त्या पानावर जाता येतं. किंडलच्या मदतीच्या पानावर हे लिहिलेलं आहे. मी ती ओळ किती वेळा ओलांडून गेलो असेन, देव जाणे.

देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळा खड्डा आहे. माझं दुसरं पुस्तक जुन्या लेखांचा संग्रह होता, त्यातले काही युनिकोडच्या (सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या आजच्या अक्षर-पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेले. त्या फॉन्टमध्ये आतून रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात, फक्त दिसतात मराठी. पुस्तकाच्या पानावर फॉन्ट सोबत दिला होता, म्हणून सगळं ठीक दिसत होतं. मेनूतली यादी मात्र यंत्र स्वतःच्या फॉन्टमध्ये दाखवतं. तिथे सात लेखांची नावं कंस, स्वल्पविराम आणि रोमन अक्षरांची खिचडी होऊन बसली होती. तेवढी नावं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केली आणि मेनू सुधारला, पण खरा इलाज सगळा मजकूरच बदलून घेण्याचा होता, आणि त्याला तीन आठवडे लागले. जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणारा परिवर्तक वापरला तरी रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासावीच लागते. वर्डमध्ये अजून एक गंमत: हेडिंग स्टाइलचा फॉन्ट बदलला तरी मराठी शीर्षक ढिम्म बदलत नाही, कारण देवनागरीसाठी त्याच खिडकीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’चा वेगळा रकाना असतो. हे कळेपर्यंत मी वर्ड दोनदा काढून पुन्हा टाकलं होतं.

तिसऱ्या पुस्तकात प्रत्येक भागाचं नाव सुलेखनाच्या चित्रात होतं. चित्राला अक्षरं नसतात, त्यामुळे यादीत त्या जागी रिकामी ओळ. इथे सिजिल कामाला आलं. ईपब फाइल आतून दुरुस्त करण्याचं हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. त्यात शीर्षकाच्या टॅगला ‘टायटल’ हा गुणधर्म देऊन नाव लिहिलं की पानावर चित्र राहतं आणि यादीत शब्द येतात. अर्पणपत्रिकेसारखं एखादं शीर्षक यादीत नको असेल तर तयार होण्याआधी तिथली खूण काढता येते. कोड बघून घाबरणाऱ्यांना कॅलिबर या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरमधली संपादनाची सोय बरी वाटेल. त्यात यादीतल्या नोंदी माउसने वर-खाली ओढता येतात. मी दोन्ही ठेवले आहेत. हात सिजिलकडेच जातो.

बारीक चुका बहुतेक माझ्याच होत्या. एका शीर्षकाच्या दोन ओळी करायला शिफ्ट-एंटर मारलं, आणि यादीत दोन शब्द एकमेकांना चिकटून आले. दोन प्रकरणांमध्ये जागा सोडायला रिकामा एंटर मारला, त्यालाही हेडिंगची स्टाइल लागलेली, म्हणून यादीत बिननावाची नोंद. यावर सोपा उपाय म्हणजे वर्डचा नेव्हिगेशन रकाना सतत उघडा ठेवणं. यादीत येणार ते बहुतेक सगळं तिथे आधीच दिसतं.

तपासणीसाठी ईपबचेक, म्हणजे ईपब फाइलमधल्या चुका शोधणारं सॉफ्टवेअर. लिंक भलतीकडे नेत असेल तर ते त्याला कळत नाही, पण जागाच नसलेल्या ठिकाणी नेत असेल तर ‘आरएससी-०१२’ असा कोड देऊन ओळ क्रमांकासकट सांगतं. त्यानंतर किंडलवर पुस्तक कसं दिसेल ते दाखवणारा किंडल प्रीव्ह्यूअर आणि शेवटी खरा फोन. खऱ्या फोनची पायरी एकदा गाळली होती. एका विक्री-मंचाने रूपांतर करताना माझी दोन पातळ्यांची यादी सपाट करून टाकली, भाग आणि लेख एकाच रांगेत, आणि ते पुस्तक विक्रीला लागल्यावर समजलं. तक्रारीला उत्तर छापील मजकुराचं आलं. आता त्या मंचासाठी मी वेगळी फाइल ठेवतो, जिच्यात भागांची नावं लेखांच्या नावाआधी ‘भाग १ :’ अशी जोडलेली आहेत. जुगाड आहे, पण चालतो.

पातळ्या दोनच ठेवाव्यात असं माझं मत झालं आहे. हौसेने तिसरी ठेवून पाहिली. फोनवर ती यादी गुंडाळता गुंडाळता मीच कंटाळलो. आणि आतली यादी सुरुवातीलाच हवी. ती शेवटी ठेवली तर पुस्तकाचा मोफत नमुना चाळणाऱ्याला ती दिसतच नाही, आणि लेखसंग्रह घ्यायचा की नाही हे लोक बऱ्याचदा त्या यादीवरूनच ठरवतात.

पहिल्या पुस्तकाला एक रविवार, दुसऱ्याला फॉन्टपायी तीन आठवडे, तिसऱ्याला साधारण दोन तास. त्या दोन तासांतला दीड तास तांत्रिक नव्हता. फोनच्या अरुंद मेनूत माझी लांबलचक शीर्षकं तीन-तीन ओळींत मोडत होती, काही मध्येच तुटून ठिपक्यांत संपत होती. ११ शीर्षकं बसून छोटी केली. दोन लेखांची नावं तर आता लेखांपेक्षा बरी झाली आहेत.