मासे धरायचा ८ फुटी हेवी रॉड, दिवाळी ते उन्हाळा: बाकी सगळं बरं, मूठ आखूड

या रॉडनं हात दुखायला लागला म्हणून कंपनीला मेल केला. उत्तर आलं: 'हाताचं दुखणं वॉरंटीत बसत नाही.' मी दुखण्याचे पैसे मागितलेच नव्हते. साधं विचारलं होतं की रीलसीटच्या (रील बसतं ती जागा) खाली मूठ २३ सेंटिमीटरच का ठेवली, आणि हा आकडा खोक्यावर का नाही. लुअरचं (खोट्या आमिषाचं) वजन छापता, लाईन किती पाउंडाची ते छापता, रॉड सुटा करून ठेवल्यावर किती लांब होतो तेही छापता. मग मुठीची लांबी छापायला शाई संपते का? पुन्हा मेल केला की पुन्हा अटींची तीच पीडीएफ. म्हणून म्हणलं, इथं सविस्तर लिहावं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतला दुसरा रॉड घेतलात तरी टेप लावून बघायचंच आहे.

रॉड दोन तुकड्यांचा, ४० ते १०० ग्रॅमच्या लुअरचा. त्यावर ६००० साईजचं रील आणि ब्रेड (विणलेली लाईन). दिवाळीच्या सेलमध्ये घेतला, सोबत सूट होती म्हणून ६० आणि ८० ग्रॅमचे लुअर. पहिल्या महिन्यात मी चार तारे दिले होते, ते अजून तिथं दिसतात. गाईड (लाईन जाते त्या कड्या) पक्के, जोडावर रॉड फिरत नाही, ब्लँकला, म्हणजे रॉडच्या नळीला, जीव आहे. यातलं आजही काही मागं घेत नाही.

भारी लुअर कशाला, मरळीला पंधरा ग्रॅमचा फ्रॉग पुरतो, असं म्हणणारे येतीलच. पुरतो. मरळ काठच्या गवतात असते, तिला लांब फेकायची गरज नाही. मला नाद शिवड्याचा, खोल पाण्यातल्या दातवाल्या मोठ्या माशाचा. आणि माजलगावचं धरण ज्यांनी उन्हाळ्यात पाहिलंय त्यांना अडचण माहीत आहे. सिंदफणेचं पाणी, वर पैठणच्या उजव्या कालव्याचं पाणी, तरी संक्रांतीनंतर काठ आत सरकत जातो. मधे गाळ. वरून वाळलेला दिसतो, पाय टाकला की गुडघ्याएवढा रुततो. खोल पाणी लांब राहतं आणि दुपारनंतर वारा तोंडावर येतो. २० ग्रॅमचा स्पून (चमच्यासारखा धातूचा लुअर) त्या वाऱ्यात निम्म्या वाटेत पडतो. म्हणून ८० ग्रॅम. (पाणी मच्छीमार सोसायटीच्या ठेक्याचं आहे. विचारून बसतो, जाळ्यांपासून लांब.)

थंडीत आधी अंगठ्याच्या बाजूचं मनगट धरलं. थंडीमुळे असेल म्हणून सोडून दिलं. मग कोपराचं बाहेरचं हाड दुखायला लागलं. गंमत म्हणजे फेकताना फार नाही, दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर वर करताना जीव जायचा. तळहात खाली करून काहीही उचललं की कळ. पाण्याचा तांब्या, गाडीची स्टँडवरची ओढ, पोराचं दप्तर. मासे धरून आल्यावर बायकोला दप्तर उचलायला सांगायचं म्हणजे घरात काय ऐकावं लागतं ते इथं लिहीत नाही.

तेव्हा मी रिव्ह्यूत भर घातली होती की रॉड चांगला, लुअर जड, ६० च्या पुढं जाऊ नका. ते मत आता अर्धंच धरा.

बीडला फिजिओथेरपिस्टकडं गेलो. बाईंनी दोन गोष्टी करून बघितल्या, त्या घरीही करता येतात. अंगठा मुठीत धरायचा आणि मनगट करंगळीच्या बाजूला झुकवायचं. अंगठ्याच्या बुडाशी कळ आली तर तिथल्या दोऱ्यांचं आवरण धरलंय. या दुखण्याला द क्वेर्व्हे या स्विस सर्जनचं नाव आहे, त्यांनी ते १८९५ मध्ये लिहून ठेवलं. दुसरी गोष्ट, हात सरळ, मूठ वळलेली, मनगट वर उचलायचं आणि समोरच्यानं वरून दाबायचं. मला पहिल्यात थोडी कळ आली, दुसऱ्यात ओरडलो. म्हणजे टेनिस एल्बो.

बाईंनी समजावलं ते मला पटलं. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला चिकटलेले असतात. आपण काहीही घट्ट धरतो तेव्हा हेच स्नायू मनगट जागेवर ठेवायला ताणलेले राहतात. म्हणजे फेकताना तर ताण येतोच, पण रॉड नुसता आवळून धरला, रील फिरवत बसलं, तरी ते कामाला लागलेलेच असतात. त्यात रॉड तोंडाकडं जड. दुखणारी जागा सुजलेली कमी आणि झिजलेली जास्त असते, त्यामुळं नुसत्या गोळीनं दुखणं दबतं, जात नाही. ओळखीच्यांनी इंजेक्शन घे म्हणून मागं लागणं सुरूच होतं. बाई म्हणाल्या, स्टेरॉइडनं काही आठवडे छान वाटतं, पण वर्षभरानंतर बघितलं तर न घेणाऱ्यांची तब्येत सरासरीनं बरी निघते. माझे पैसे वाचले, मी लगेच मान डोलावली.

बाकावर माझ्या आधी दोघी ऊसतोडीवरून आलेल्या. दोघींचाही उजवा हात. टेनिस नाव ऐकून मला हसू आलं, बीड जिल्ह्यात टेनिस खेळतं कोण, पण या दुखण्याला माणसं कमी नाहीत. त्यातल्या मावशी मला म्हणाल्या, "तुमी काय तोडायलाव?" मासे धरतो म्हणलं. काठी कशी, केवढी, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "कोयत्याची मूठ एवढूशी, समदा भार मनगटावर येतो बगा. कुऱ्हाडीला तसं न्हाई, दोनी हात लागत्यात."

घरी येऊन टेप लावला. २३.

आता हे नीट वाचा, रिव्ह्यूतलं कामाचं एवढंच आहे. दोन हातांनी फेकताना वरचा हात रीलपाशी, खालचा मुठीच्या टोकाला. खालचा हात पोटाकडं ओढतो, वरचा टेकू देतो. टेकूपासून खालचा हात जितका लांब तितका जोर कमी लागतो. ३५ सेंटिमीटरवर जे काम होतं त्यालाच २३ वर दीडपट जोर लागतो. त्यात २३ मध्ये माझा खालचा हात पोटाला अडतो आणि तळवा पुरा बसत नाही, मग आपोआप एका हातानं फेकलं जातं. एका हातानं ८० ग्रॅम आणि ८ फूट म्हणजे सगळा पीळ मनगटानं द्यायचा. रॉडवर १०० ग्रॅम छापताना कुणीतरी हा हिशेब केला असेल ना? रॉड मोडणार नाही एवढाच केला असावा.

आखूड मुठीनं दुसरंही एक होतं. लुअर ओढताना मुठीचं टोक कोपराखाली, हाताला टेकवून ठेवलं की मनगट मोकळं राहतं. २३ चं टोक हाताच्या मध्यावर टोचतं. मग आपण रॉड हवेत धरतो, ४०० ग्रॅमच्या वर रील आणि समोर पाणी कापणारा जाड ओठाचा लुअर.

काय केलं ते सांगतो. बुडाची रबरी टोपी काढली, आत ब्लँक पोकळ निघाला. सुताराकडून सागाची दांडी बेतानं तासून घेतली, निम्मी आत जाईल एवढी, आरल्डाइट लावून बसवली, रात्रभर उभी ठेवली. वर क्रिकेट बॅटची ग्रिप चढवली. ती ताणून चढवायला स्पोर्टच्या दुकानात शंकू असतो, तिथंच चढवून घ्या, घरी केली तर अंगठ्याचं दुखणं परत येईल. सगळा खर्च दीडशेच्या आत. मूठ ३६ झाली. वॉरंटी गेली, पण तिचा अनुभव वर लिहिलाच आहे.

आणि न मागता एक फायदा मिळाला. आधी रॉड बोटावर तोलला की तोल रीलच्या वीतभर पुढं पडायचा, आता जवळजवळ रीलच्या पायावर. हातात घेतल्याबरोबर कळतं. तोटे पण आहेत. टोक शर्टाच्या खिशात अडकतं, आणि खालचा तुकडा आता पिशवीत मावत नाही, मोटारसायकलवर बाहेर डोकावतो.

फिजिओबाईंचं म्हणणं वेगळं. त्यांच्या मते कोपर सुधारलं ते फेकणं कमी केल्यानं आणि बाटलीनं. अर्धा लिटरची भरलेली बाटली, हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेच्या बाहेर. वर न्यायला दुसऱ्या हाताची मदत, खाली सोडताना एकट्यानं, हळूहळू. पंधराचे तीन फेरे. थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी वाढलं तर कमी करायचं. कंटाळवाणं आहे पण केलं. तरी मी बाटली करत असताना जुन्या मुठीनं एकदा जाऊन बघितलं होतं आणि दोन दिवस शटर उचलता आलं नव्हतं. नव्या मुठीनं तसं होत नाही. त्यामुळं त्या बाटलीला श्रेय देवोत, मी दांडीला देतो.

कोपराच्या पट्ट्याबद्दल विचारणारे बरेच असतात. तीनशे रुपयांच्या आतला घेतला. दुखऱ्या हाडावर बांधायचा नसतो, त्याच्या दोन बोटं खाली, स्नायूच्या फुगवट्यावर. बोटं मुंग्या येईपर्यंत आवळू नका, झोपताना काढा. दुकानात उपयोग झाला, धरणावर फारसा नाही. करंगळीला बधिरपणा येत असेल तर तो नसेचा प्रकार असू शकतो, पट्टा-बिट्टा सोडून डॉक्टरला दाखवा.

फेकण्याची पद्धतही बदलली. हलक्या लुअरला मनगटाचा झटका चालतो, ८० ग्रॅमला तो कोपरावर वसूल होतो. आता टोकापासून लुअर दोन-अडीच फूट लोंबता ठेवतो, मागं नेऊन क्षणभर वजन रॉडवर येऊ देतो आणि खांद्यापासून सपाट ओढतो. अंतर कमी झालं नाही. तर्जनीला ब्रेड कापतं, तिथं सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा, बाजारातला चामडी बोटमोजा महाग आहे. रील घेणार असाल तर हळू गिअरचं घ्या, माझ्याकडं ६.२ चं आहे, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात ६.२ वेढे, आणि ओठवाला लुअर ओढताना त्या मनगटाला ते जाणवतं. पहाटेच्या थंडीत पहिल्या फेकी हलक्या लुअरनं.

तर आता तीन तारे. मूठ कारखान्यातूनच ३५ ची आली असती तर साडेचार दिले असते, ब्लँक तेवढा चांगला आहे. सेलमध्ये घेण्याआधी दुकानदाराला रीलसीट ते बूड किती ते विचारा. सांगता आलं नाही तर फोटो मागवा, शेजारी पट्टी ठेवून. रॉडची मूठ तुमच्या हातापासून कोपरापर्यंत पोचत नसेल तर ६० ग्रॅमच्या आतच राहा, किंवा सुतार बघून ठेवा.

८० ग्रॅमचे जोडाचे दोन लुअर विकायचे आहेत. एकाला शिवड्याचे दात लागलेत, दुसरा कोरा. ६० चे मी ठेवतोय. किंमत निम्मी, कुरिअर घेणाऱ्याचं.